डोळ्याची नस लहान आहे, आणि डॉक्टरांना एक गोष्ट सांगितलेली नाही

“माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. त्याचा डावा डोळा नाकाकडे वळतो म्हणून आम्ही त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी थेंब टाकून तपासले, चष्मा दिला, उजव्या डोळ्यावर रोज पट्टी लावायला सांगितली आणि बोलता बोलता ‘डाव्या डोळ्याची नस थोडी लहान दिसते’ असेही म्हणाले. मी गरोदर आहे हे मला सातव्या आठवड्यात कळले. त्याआधीच्या दिवसांत तीन वेळा मी बरेच मद्य घेतले होते. कळल्यानंतर एक थेंबही घेतला नाही. हे पतीला माहीत आहे, डॉक्टरांना नाही. त्यांनी विचारले नाही आणि माझ्याने सांगवले नाही. पट्टी लावताना तो रडतो तेव्हा माझ्या चुकीची शिक्षा तो भोगतो आहे असे वाटते आणि बरेचदा मी पट्टी काढून टाकते. हे माझ्यामुळे झाले का? त्याची नजर सुधारेल का? आणि आम्हाला दुसरे मूल हवे आहे, तो विचार करावा का?”

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. तुमची झोप उडवणारा प्रश्न पहिला असला, तरी ज्याला मुदत आहे असा प्रश्न दुसरा आहे. कारणाचा शोध सहा महिन्यांनी घेतला तरी त्याचे उत्तर बदलणार नाही. पट्टीचे सहा महिने गेले तर मात्र ते पुरते भरून निघतीलच असे नाही. म्हणून तुमचा क्रम मोडून नजरेपासून सुरुवात करते.

डोळ्याची नस म्हणजे दृष्टिपटलापासून, म्हणजे डोळ्याच्या पडद्यापासून, मेंदूकडे जाणारा सुमारे १० ते १२ लाख सूक्ष्म तंतूंचा जुडगा. डॉक्टर उपकरणातून पाहतात तेव्हा त्यांना या जुडग्याचे तोंड दिसते, ती एक फिकट गुलाबी चकती असते आणि मोठ्या माणसात तिची रुंदी साधारण दीड मिलिमीटर भरते. तंतू जन्मतःच कमी असले तर चकती लहान दिसते, कधी तिच्याभोवती आणखी एक फिकट कडे दिसते, आणि या अवस्थेला ऑप्टिक नर्व्ह हायपोप्लेझिया असे लांबलचक नाव आहे. तंतू जितके आहेत तितकेच राहतात. औषधाने, व्यायामाने किंवा शस्त्रक्रियेने ते वाढत नाहीत. पण याच वाक्याची दुसरी बाजू डॉक्टरांच्या कागदावर सहसा लिहिलेली नसते: ही अवस्था वाढत जाणारी नाही. नस झिजत नाही, वयाबरोबर आणखी लहान होत नाही, आणि आज ज्या डोळ्याला दिसते त्याचे दिसणे केवळ या नसेमुळे उद्या हिरावले जात नाही.

चकती किती लहान आहे यावरून नजर किती असेल हे सांगता येत नाही. दृष्टिपटलाच्या मध्यभागी पिवळा ठिपका म्हणून जी बारीक जागा असते, तिथेच आपली वाचण्याची, चेहरे ओळखण्याची नजर असते. त्या ठिपक्यातून निघालेले तंतू शाबूत असले तर बरीच लहान चकती असलेला डोळाही चांगले पाहतो, आणि तेच कमी असले तर जेमतेम लहान दिसणाऱ्या चकतीचा डोळाही अधू असू शकतो. म्हणून ‘थोडी लहान’ या दोन शब्दांवरून तुम्ही मनात जे भविष्य रंगवले असेल, ते तूर्त बाजूला ठेवा.

आता तिरळेपणाकडे येऊ, कारण तुमच्या मुलाच्या बाबतीत खरी मेख इथे आहे. डोळा वळलेला असला की मेंदूला दोन वेगवेगळी चित्रे मिळतात. लहान मुलाचा मेंदू त्यावर एक सोपा तोडगा काढतो: तो वळलेल्या डोळ्याचे चित्र मोजेनासा होतो. असे महिनोन्‌महिने चालले की त्या डोळ्याकडून येणाऱ्या संदेशांना मेंदूत जागाच तयार होत नाही, आणि डोळा निरोगी असूनही नजर मंद राहते. यालाच मंददृष्टी किंवा बोलीत आळशी डोळा म्हणतात, जरी आळस डोळ्याचा नसून मेंदूने त्याच्याकडे फिरवलेल्या पाठीचा असतो. चष्म्याच्या नंबरात दोन डोळ्यांत मोठा फरक असला तरी हेच घडते.

तुमच्या मुलाच्या डाव्या डोळ्यात ही दोन कारणे एकमेकांत मिसळलेली असू शकतात. नजर जितकी कमी आहे त्यातला काही वाटा नसेचा असेल, काही वाटा मंददृष्टीचा असेल. पहिला वाटा बदलत नाही, दुसरा बदलतो, आणि कोणता वाटा किती हे सांगणारी एकही तपासणी नाही. पट्टी नेमाने लावून काही महिन्यांनी पुन्हा नजर मोजणे हीच ती तपासणी. नस लहान असलेल्या डोळ्यालाही पट्टीचा उपयोग होऊ शकतो, हे नेत्रतज्ज्ञांना माहीत असते. घरी मात्र ‘नसच लहान आहे, मग पट्टीचा काय उपयोग’ असे म्हणून ती सुटते. तुमच्या पत्रात पट्टी काढून टाकण्याचे कारण वेगळे आहे, अपराधी वाटणे हे. परिणाम तोच होतो. पट्टी ही शिक्षा नाही. अर्भकावस्थेपासून वयाच्या सहा-सात वर्षांपर्यंतच्या काळात मेंदू ज्याकडे पाठ फिरवली होती त्या डोळ्याकडे पुन्हा वळू शकतो, आणि पट्टी म्हणजे त्याला वळायला लावण्याची युक्ती. सात वर्षांनंतरही काही मुलांना लाभ होतो, पण तो कमी आणि अनिश्चित असतो.

त्याचे रडणे कमी करण्यासारख्या काही गोष्टी आहेत. पट्टी चष्म्याच्या काचेवर न लावता त्वचेवर चिकटवावी आणि चष्मा वरून घालावा, कारण काचेच्या कडेने डोकावायला मुले दोन दिवसांत शिकतात. पट्टीचा वेळ रंगवणे, मणी ओवणे, चित्रांचे पुस्तक पाहणे अशा जवळून पाहण्याच्या आवडत्या कामात घालवावा. किती तास लावायची हे तुमचे डॉक्टर ठरवतील, परंतु मध्यम प्रतीच्या मंददृष्टीत रोज दोन तासांची पट्टी सहा तासांच्या पट्टीइतकीच उपयोगी पडते, असे २००३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक अभ्यासात दिसले होते. तेव्हा तास फार वाटत असतील तर लपून पट्टी काढण्याऐवजी उघडपणे तास कमी करण्याविषयी विचारावे. पट्टी अजिबात जमली नाही तर चांगल्या डोळ्यात अ‍ॅट्रोपिनचे थेंब टाकून त्याची जवळची नजर तात्पुरती धूसर करण्याचाही मार्ग आहे. ठरलेली फेरतपासणी चुकवू नका. पट्टी जास्त झाली तर क्वचित उजव्या डोळ्याचीच नजर मंदावते. चष्मा मात्र झोपेची वेळ सोडून दिवसभर हवा. मुलाला दूरदृष्टीचा, म्हणजे अधिकचा मोठा नंबर असेल, तर केवळ चष्म्याने डोळा पुष्कळसा सरळ होऊ शकतो. शस्त्रक्रिया डोळा सरळ करते, नजर आणत नाही, त्यामुळे तिचा विषय आज काढण्याचे कारण नाही.

आता तुमचा पहिला प्रश्न. त्याचे प्रामाणिक उत्तर ‘असू शकेल, पण डोळ्याकडे पाहून ते कोणालाही सांगता येणार नाही’ असे आहे. हे उत्तर टाळाटाळीचे वाटू नये म्हणून जरा खोलात जाते.

गर्भातल्या डोळ्यावर मद्याचा परिणाम होतो ही शंका जुनी आहे. चार्ल्स स्टॉकार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी माशांच्या अंड्यांवर मद्याचा प्रयोग केला, तेव्हा काही पिल्लांत दोन डोळ्यांच्या जागी मधोमध एकच डोळा तयार झाला. १९१०मध्ये त्याने ते प्रसिद्धही केले. माणसाच्या मुलांकडे मात्र लक्ष जायला आणखी अर्धशतक लागले. फ्रान्समधील नांत येथे पॉल लमवान यांनी १९६८मध्ये मद्यपी पालकांच्या १२७ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि १९७३मध्ये सिएटलच्या केनेथ जोन्स व डेव्हिड स्मिथ यांनी त्या लक्षणसमूहाला फीटल अल्कोहोल सिंड्रोम हे नाव दिले. त्यांनी नोंदवलेल्या चेहऱ्याच्या खुणांत एक खूण डोळ्याची होती: आतल्या कोपऱ्यापासून बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत पापण्यांची फट आखूड असणे. नाक व वरचा ओठ यांच्यामधली पन्हळ सपाट असणे आणि वरचा ओठ पातळ असणे या उरलेल्या दोन मुख्य खुणा. पुढे १९८०च्या दशकात स्वीडनमधील नेत्रतज्ज्ञ केर्स्टिन स्ट्रमलँड यांनी अशा मुलांचे डोळे आतून तपासले. हा लक्षणसमूह पूर्ण स्वरूपात असलेल्या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांत दृष्टीची नस लहान होती, आणि जवळजवळ तितक्याच मुलांत पडद्यावरच्या रक्तवाहिन्या नेहमीपेक्षा अधिक नागमोडी होत्या. तिरळेपणा, मोठे नंबर, पापणी खाली उतरलेली असणे, दोन डोळ्यांनी मिळून खोली जोखण्याची क्षमता कमी असणे हेही नेहमी आढळले. जन्मतः मोतीबिंदू, फार लहान डोळा किंवा बुबुळाची मोठी विकृती क्वचित.

हे ‘निम्म्यांत’ वाचून घाबरू नका. ती मुले बहुतांशी गरोदरपणभर भरपूर मद्य घेतलेल्या मातांची होती आणि त्यांच्यात वाढ, चेहरा व मेंदू या तिन्हींवर परिणाम झालेला होता. तुमच्या मुलाचा तो गट नाही, निदान तुम्ही लिहिलेल्या मजकुरावरून तरी नाही. तितकेच खरे हेही आहे की मद्याचा परिणाम झालेल्या बहुसंख्य मुलांत चेहऱ्याच्या खुणा दिसतच नाहीत, त्यामुळे ‘चेहरा तर अगदी नीट आहे’ यावरून काही सिद्ध होत नाही.

तुमच्या बाबतीत महत्त्वाचे आहे ते वेळापत्रक, आणि त्यात एक गणिती गफलत बहुतेकांची होते. डॉक्टर गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, पण गर्भ प्रत्यक्षात त्यानंतर सुमारे दोन आठवड्यांनी धरतो. म्हणजे तुमच्या ‘सातव्या आठवड्यात’ गर्भाचे खरे वय सुमारे पाच आठवड्यांचे होते. गर्भधारणेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत गर्भाला इजा झाली तर बहुधा तो टिकत नाही, टिकला तर सावरतो. तिसऱ्या आठवड्यात चपट्या गर्भात मेंदूचा आणि चेहऱ्याचा आराखडा ठरतो, आणि पुढे डोळे होणार असलेल्या पेशी तेव्हाच मध्यरेषेजवळ जमलेल्या असतात. २२व्या दिवसाच्या सुमारास मेंदूच्या पुढच्या टोकावर दोन बाजूंना दोन खळगे पडतात, ती डोळ्यांची पहिली चाहूल. पाळीच्या हिशेबाने हा दिवस पाचव्या आठवड्याच्या शेवटी येतो, पाळी चुकून जेमतेम आठवडा झालेला असतो. गर्भाच्या खऱ्या वयाच्या पाचव्या आठवड्यात त्या खळग्यांपासून झालेल्या फुगवट्याचा पेला होतो आणि समोर भिंग तयार होऊ लागते. पेल्याच्या खालच्या बाजूला एक फट राहिलेली असते, ती सहाव्या-सातव्या आठवड्यात मिटते. न मिटल्यास बाहुली कुलपाच्या छिद्रासारखी लांबट दिसते. त्यानंतर पडद्यातून निघालेले तंतू पेल्याच्या देठातून मेंदूकडे सरकू लागतात, तो जुडगा पुढचे अनेक महिने भरत आणि छाटला जात राहतो, आणि पिवळा ठिपका तर जन्मानंतरही काही वर्षे घडत असतो. इतका दीर्घकाळ बांधकाम चालणारे अवयव शरीरात थोडेच आहेत, म्हणून डोळ्याला घातक ठरणारा काळही एखाद्या आठवड्यापुरता नसतो.

आई आणि गर्भ यांना जोडणारी वार मद्य सहज ओलांडते. गर्भाच्या यकृताला ते मोडण्याची शक्ती जवळजवळ नसते आणि गर्भजलात ते रेंगाळते. आत गेल्यावर ते एकाच मार्गाने काम करत नाही. बुबुळ व चेहऱ्याचा सांगाडा घडवण्यासाठी मेंदूनळीच्या कडेने प्रवासाला निघणाऱ्या पेशी त्याने अकाली मरतात. अ जीवनसत्त्वापासून गर्भात एक आम्ल तयार होते आणि डोळ्याच्या कोणत्या भागाने काय व्हायचे हे बरेचसे ते ठरवते. ते तयार करणारी विकरे (एन्झाइम्स) आणि मद्य मोडणारी विकरे नात्यातली असल्याने मद्य आले की त्या कामात अडथळा येतो. वाढणारे तंतू एकमेकांना धरून पुढे सरकतात, ती पकडही मद्याने सैल होते, आणि तंतूंवरचे स्निग्ध वेष्टण नीट चढत नाही. यांतले बहुतेक ज्ञान उंदीर, मासे आणि पेशींवरील प्रयोगांतून आले आहे. माणसात ते तसेच, त्याच प्रमाणात घडते असे गृहीत धरता येत नाही.

पण एक प्राण्यांवरचाच प्रयोग तुम्हाला सांगावासा वाटतो, कारण तो तुमच्या प्रश्नाच्या अगदी जवळ जातो. कॅथलीन सुलिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१मध्ये दाखवले की गाभण उंदरीला सातव्या दिवशी, म्हणजे मानवी गर्भाच्या तिसऱ्या आठवड्याशी जुळणाऱ्या दिवशी, मद्याची मोठी मात्रा दिली तर पिल्लांत तोच चेहरा आणि लहान डोळे दिसतात. एकाच दिवसाच्या मात्रेने हे घडू शकते ही त्यातली गंभीर बाब. परंतु अशा प्रयोगांत एकाच उंदरीची सगळी पिल्ले सारखी बिघडत नाहीत, पुष्कळदा एकाच बाजूचा डोळा लहान होतो, आणि या प्रयोगांत नेहमी वापरल्या जाणाऱ्या उंदरांच्या एका जातीत मद्याचा थेंब न देताही अधूनमधून लहान डोळ्यांची पिल्ले जन्मतात. म्हणजे आनुवंशिक कल आधीच असतो, मद्य त्याला ढकलते. माणसातही असमान, म्हणजे दोन वेगळ्या बीजांडांपासून झालेल्या, जुळ्यांपैकी एका मुलावर परिणाम स्पष्ट आणि दुसऱ्यावर पुसट असे आढळले आहे, जरी दोघांची आई एक, गर्भाशय एक आणि मद्यही एकच होते.

आता दुसरी बाजू. तिरळेपणा १०० मुलांमागे दोन ते चार मुलांत असतो आणि त्यांतल्या बहुसंख्य मातांनी गरोदरपणात मद्याला स्पर्शही केलेला नसतो. लहान नसेचेही तसेच आहे. अनेकदा तिचे कारण सापडतच नाही. मुदतीपूर्वी जन्म, क्वचित जनुकीय बदल, मेंदूच्या मध्यभागाची जन्मजात वेगळी रचना असे इतर संबंध ठाऊक आहेत. म्हणून तुमच्या मुलाच्या डोळ्यात जे दिसते ते मद्यामुळेच असे म्हणणारा डॉक्टर आणि मद्यामुळे नाहीच असे म्हणणारा डॉक्टर, दोघेही पुराव्यापेक्षा अधिक बोलत असतील. तुमचे समाधान करण्यासाठी मी ‘तुमचा काही संबंध नाही’ असे लिहू शकले असते. तुम्ही ते एक दिवस मानले असते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शोधायला बसला असता. गरोदर आहोत हे माहीत नसताना घेतलेले मद्य हे दुर्लक्ष नव्हे, इतके मात्र मी निःशंकपणे लिहिते. आणि सातव्या आठवड्यानंतर तुम्ही ते पूर्ण सोडलेत, याचे मोल मोठे आहे, कारण नसेचे तंतू भरण्याचा आणि मेंदू वाढण्याचा बहुतेक काळ त्यानंतरचा असतो.

कारण ठरत नसेल तर डॉक्टरांना सांगून काय उपयोग, असे तुमच्या मनात येईल. उपयोग आहे, आणि म्हणूनच हे पत्रोत्तर मी इतके लांबवते आहे. ती माहिती मिळाल्यावर डॉक्टर दोष ठरवत बसत नाहीत. ते काय काय शोधायचे याची यादी बदलतात. दुसऱ्या डोळ्याची नसही मोजून पाहतात, कारण मद्य रक्तातून दोन्ही डोळ्यांकडे जाते आणि सौम्य बाजू सहज नजरेतून सुटते. चकतीचा आकार केवळ अंदाजाने न ठरवता तिची पिवळ्या ठिपक्यापर्यंतच्या अंतराशी तुलना करतात. ते अंतर चकतीच्या रुंदीच्या तिपटीहून अधिक भरले तर नस लहान असल्याचा संशय बळावतो. चष्म्याचा मोठा नंबर असेल तर उपकरणातून दिसणारा आकार फसवा असतो, हेही ते विचारात घेतात. बालरोगतज्ज्ञांकडे पाठवून उंची, वजन, डोक्याचा घेर, बोलणे, लक्ष टिकणे, समजूत यांची पद्धतशीर तपासणी करून घेतात. गर्भातील मद्याचा परिणाम असलेल्या काही मुलांचा डोळा नीट असतो पण पाहिलेल्याचा अर्थ लावणे जड जाते: गर्दीच्या चित्रातून वस्तू शोधणे, पायरीची खोली जोखणे, फळ्यावरून वहीत उतरवणे. शाळेत अशा मुलाला निष्काळजी ठरवले जाते. ते आधीच कळलेले असले तर त्याला समोर बसवणे, एका पानावर थोडाच मजकूर देणे इतक्या साध्या गोष्टींनी बरेच निभते.

याहून निकडीचे आणखी एक कारण आहे, आणि ते मद्य असो वा नसो लागू पडते. लहान नस कधी कधी मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीच्या दोषाबरोबर येते. तसे असेल तर वाढीचे संप्रेरक किंवा ताणाच्या वेळी लागणारे कॉर्टिसॉल कमी पडते, आणि तापात किंवा उपाशीपोटी मुलाची साखर अचानक घसरू शकते. हे बऱ्याचदा दोन्ही नसा लहान असलेल्या मुलांत आढळते, पण एकाच नसेत कधीच नसते असे नाही. म्हणून उंचीचा आलेख, गरज वाटल्यास रक्तातील संप्रेरके आणि मेंदूचा एमआरआय यांविषयी डॉक्टरांशी बोला. मूल आजारपणात असाधारण सुस्त होणे, झटके येणे किंवा उंची वाढायची थांबणे यांपैकी काही पूर्वी घडले असेल तर ही चर्चा पुढच्या नेहमीच्या भेटीपर्यंत लांबवू नका. बाहुलीत पांढरी झाक दिसू लागली, डोळा मोठा वाटू लागला, उजेड सोसेनासा झाला, किंवा डोळे सतत हलताना दिसले, तर त्याच आठवड्यात दाखवा. तुमच्या पत्रात यांपैकी काहीच नाही, तरी लिहून ठेवते.

सांगायचे कसे, ही तुमची खरी अडचण दिसते. पुढच्या भेटीपूर्वी एका कागदावर शेवटच्या पाळीची तारीख, गर्भधारणा कळल्याची तारीख, पहिल्या सोनोग्राफीची तारीख आणि आठवते त्याप्रमाणे ते तीन दिवस व अंदाजे किती घेतले हे लिहा. पूर्ण वेळेवर प्रसूती झाली का, जन्माचे वजन किती होते, गरोदरपणात कोणती औषधे घेतली आणि धूम्रपान होते का, हेही त्याच कागदावर असू द्या, कारण डॉक्टरांच्या दृष्टीने ती सारी एकाच रांगेतली माहिती आहे. मग “गर्भधारणा कळण्यापूर्वी माझ्याकडून मद्य घेतले गेले होते, तारखा लिहून आणल्या आहेत, याचा तपासणीत विचार करावा” एवढे एक वाक्य पुरे. मुलासमोर बोलणे नको असेल तर पतीला त्याच्यासोबत बाहेर बसू द्या. हा वैद्यकीय इतिहास आहे. तो घरातल्या इतरांना कळावा की नाही हे तुम्ही दोघांनी ठरवायचे, आणि डॉक्टरांनी तो तुमच्या संमतीशिवाय कोणाला सांगणे योग्य नाही. तुम्ही सांगितल्यावर कोणी चारित्र्याचे प्रमाणपत्र द्यायला बसलेच, तर डॉक्टर बदला. माझ्या व्यवसायातल्या लोकांविषयी हे लिहिताना मला संकोच वाटत नाही, कारण मातेला गप्प करणाऱ्या डॉक्टरकडे अपुरा इतिहास जमा होतो आणि त्याचा भुर्दंड मुलाला पडतो.

दुसऱ्या मुलाविषयी. त्या वेळचे मद्य काही तासांत शरीरातून गेले. त्याचा अंश पुढच्या गर्भासाठी कुठे साठून राहत नाही. नवा गर्भ नव्याने सुरू होतो. त्यामुळे मुलाच्या डोळ्यामागे ते मद्य असले तरी पुढच्या मुलात ते आपोआप येणार नाही. त्या बाबतीत ते कारण इतर अनेक कारणांपेक्षा बरे, कारण ते टाळणे तुमच्या हातात आहे. मूल हवे असे ठरवल्या दिवसापासून, पाळी चुकण्याची वाट न पाहता, मद्य पूर्ण बंद ठेवा. वर सांगितलेले वेळापत्रक पाहता चाचणी होकारार्थी येईपर्यंत तिसरा-चौथा आठवडा निघून गेलेला असू शकतो. गरोदरपणात किती मद्य चालते याचे सुरक्षित प्रमाण आजवर कोणालाही ठरवता आलेले नाही आणि अमुक एका प्रकारचे सौम्य मद्य चालते हा समज चुकीचा आहे. प्याल्याचे नाव काहीही असो, आत मद्य तेच असते. पतीनेही त्या काळात सोडले तर तुम्हाला सोपे जाईल. गर्भधारणेच्या किमान एक महिना आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड घेण्याची शिफारस सर्वसामान्य आहे, ती पाळा. मद्यावरचा उतारा म्हणून मात्र तिच्याकडे पाहू नका. मद्य बंद ठेवणे अवघड जात असेल तर तेही त्याच कागदावर लिहा, त्यासाठी मदत असते.

मुलाच्या तपासणीत जनुकीय कारणाचा संशय निघाला, विशेषतः डोळा लहान असणे किंवा बाहुली लांबट असणे असे काही आढळले, तर पुढच्या गर्भधारणेआधी आनुवंशिक सल्ला घ्या. नाहीतर एवढेच करा: नव्या बाळाच्या बाहुलीतून परतणारा लाल प्रकाश जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत बालरोगतज्ज्ञांकडून पाहून घ्या, आणि भावाच्या नसेचा उल्लेख करून पहिल्या काही महिन्यांतच नेत्रतज्ज्ञांकडून थेंब टाकून दोन्ही डोळ्यांच्या चकत्या तपासून घ्या.